डायलिसिस टेक्निशियन व्हायचंय? मुंबईत शिक्षण, नोकरी आणि पगार यांचं गणित

बारावी सायन्स झालं, नीटचे मार्क एमबीबीएसला पुरले नाहीत, आता पॅरामेडिकलमध्ये काय करता येईल, असं विचारणारी मुलं आणि त्यांचे आईवडील दर जून-जुलैत मला भेटतात. मी मुंबईत डायलिसिस युनिटमध्ये काम करते, म्हणून ओळखीतून ओळखीने ही चौकशी माझ्यापर्यंत येते. पहिला प्रश्न बहुतेकदा पगाराचा असतो. तो विचारलाच पाहिजे, घर चालवायचं असतं. पण या कामात पहिल्या पगाराचा नुसता आकडा बघून निर्णय घेतला की पुढे अडकायला होतं. पहिली दोन वर्षं कुठल्या युनिटमध्ये काढता आणि तिथे तुमच्या हातांना काय शिकायला मिळतं, यावर पुढचा सगळा पगार अवलंबून असतो. त्यामुळे पगाराकडे येईनच, पण आधी काम काय आहे ते सांगते.

आधी काम डोळ्यांनी बघा

किडन्या निकामी झालेल्या माणसाचं रक्त मशीनमधून फिरवून स्वच्छ करायचं आणि साठलेलं जादा पाणी काढायचं, हे हिमोडायलिसिस. एक सेशन साधारण चार तासांचं असतं. पेशंटला आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा यावं लागतं, तेही कायम, किडनी ट्रान्सप्लांट होईपर्यंत. बहुतेक युनिटमध्ये सोम-बुध-शुक्र आणि मंगळ-गुरु-शनि अशा बॅच असतात आणि दिवसाला तीन शिफ्ट चालतात. सकाळची बॅच सातला मशीनवर घ्यायची तर टेक्निशियनला सहाच्या सुमारास हजर राहावं लागतं. पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट सुरू करणं, मशीनची सेल्फ टेस्ट, डायलायझर (रक्त गाळणारा फिल्टर) आणि ट्यूबिंग सलाइनने भरून हवा काढणं हे सगळं पेशंट यायच्या आत व्हायला हवं. तुम्ही टिटवाळ्याला किंवा नालासोपाऱ्याला राहत असाल आणि नोकरी परळला असेल, तर पहाटेची कुठली लोकल पकडावी लागेल ते आधीच बघून ठेवा.

मग पेशंट येतो आणि पहिल्यांदा काट्यावर उभा राहतो. त्याचं ठरलेलं ड्राय वेट (अंगात जादा पाणी नसतानाचं वजन) आणि आजचं वजन यातल्या फरकावरून आज किती पाणी काढायचं ते ठरतं. दोन दिवसांच्या सुट्टीनंतरच्या बॅचला काटा हमखास जास्त दाखवतो. रविवारी घरी पाहुणे आलेले असतात, चहा-सरबत झालेलं असतं. पेशंट चोरट्या नजरेने तुमच्याकडे बघतो. त्याला ओरडायचं नाही आणि आकडा लपवायचाही नाही. हे बोलणं जमणं हासुद्धा कामाचाच भाग आहे.

यानंतर सुया. मनगटाजवळ किंवा कोपराजवळ शस्त्रक्रिया करून धमनी आणि शीर जोडलेली असते, तिला फिस्टुला म्हणतात. त्यावर तळहात ठेवला की आतून एक सूक्ष्म थरथर जाणवते, तो थ्रिल. तो लागला नाही तर सुई लावायची नाही, आधी डॉक्टरांना बोलवायचं, कारण आत गुठळी झालेली असू शकते. सुया दोन, एक रक्त बाहेर घ्यायला आणि दुसरी परत द्यायला, आणि इंजेक्शनच्या सुयांपेक्षा बऱ्याच जाड. नवीन मुलांचा हात इथे थरथरतो. सोपं जातं म्हणून रोज त्याच जागी टोचलं तर तिथे शीर फुगत जाते, त्यामुळे जागा बदलत राहावी लागते. ज्याचा हात हलका त्याला पेशंट नाव घेऊन मागतात, "ताई, आज तुम्हीच लावा ना." युनिट इनचार्ज हे बरोबर लक्षात ठेवतात आणि पगारवाढीच्या वेळी ते आठवतंही.

सेशनच्या मध्यावर खरी नजर ठेवावी लागते. पाणी निघत असताना बीपी खाली येतं. मॉनिटरवर आकडा दिसायच्या आधी पेशंट जांभया द्यायला लागतो, गप्प होतो, कपाळावर घाम येतो. अनुभवी टेक्निशियन त्या जांभईलाच उठतो, पाणी काढणं थांबवतो, पाय वर करतो, ठरलेल्या सूचनेप्रमाणे सलाइन देतो आणि डॉक्टरांना कळवतो.

पाण्याचं काम बाहेरच्यांना दिसतच नाही, म्हणून ते मुद्दाम सांगते. मशीनमधून मिनिटाला साधारण ५०० मिली डायलिसेट (आरओच्या पाण्यात क्षार मिसळलेलं द्रावण) वाहतं, म्हणजे चार तासांत एका पेशंटसाठी १२० लिटर. हे पाणी पातळ पडद्याच्या पलीकडून रक्ताला भिडतं. पालिकेच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन असतं. ते प्यायला चालतं, पण कार्बन फिल्टरमधून सुटून डायलिसेटमध्ये आलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून पहिला पेशंट जोडायच्या आधी क्लोरीनची टेस्ट करून वहीत नोंदवायची असते. त्या वहीवर तुमची सही असते. ती सही समजून करणाऱ्या माणसाची मुंबईत वानवा आहे.

हे वाचून मन मागे सरत असेल तर आत्ताच कळलेलं बरं. ओळखीने, परवानगी घेऊन एखाद्या युनिटमध्ये एक शिफ्ट बसून बघा. रक्त बघून चक्कर येते का, चार तास उभं राहवतं का, हे ॲडमिशनची फी भरायच्या आधी समजायला हवं.

कोर्स निवडताना

केंद्राचा नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा २०२१ साली झाला. त्यात अलाइड हेल्थ प्रोफेशनलसाठी किमान २,००० तासांचं आणि दोन ते चार वर्षांत पसरलेलं डिप्लोमा किंवा डिग्रीचं शिक्षण ही अट आहे. "सहा महिन्यांत डायलिसिस टेक्निशियन, शंभर टक्के प्लेसमेंट" अशी पाटी स्टेशनबाहेर दिसली की या अटीवर ती तोलून बघा. अशा कोर्सवर आजही कुठेतरी हेल्पर म्हणून चिकटता येतं. पण रजिस्ट्रेशन, सरकारी जाहिरात आणि परदेश हे तिन्ही दरवाजे तिथेच बंद होतात.

महाराष्ट्रात सगळ्यात भक्कम वाट म्हणजे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी, म्हणजे बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, तीन वर्षांचा अभ्यास आणि त्यावर इंटर्नशिप असते. मुंबईतल्या सरकारी आणि पालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून हा कोर्स चालतो. डायलिसिसच्या जागा दरवर्षी कुठल्या कॉलेजात किती, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा, मागच्या वर्षीच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर जाऊ नका. या कॉलेजांत फी परवडते, आणि हाताखालून पेशंट इतके जातात की इंटर्नशिप संपेपर्यंत मूल तयार होतं. जागा थोड्या असतात, म्हणून बारावीचे मार्क इथे कामाला येतात.

खासगी संस्थेत जायची वेळ आली तर ऑफिसमधल्या मॅडमना तीनच गोष्टी विचारा. सर्टिफिकेट कुठल्या विद्यापीठाचं किंवा बोर्डाचं मिळणार? प्रॅक्टिकल कुठल्या हॉस्पिटलमध्ये आणि तिथे मशीन किती? मागच्या बॅचच्या दोन मुलांचे नंबर मिळतील का? तिसऱ्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर उठून या. विद्यापीठाचं नाव सांगितलं तर संलग्न कॉलेजांच्या यादीत ते स्वतः शोधा. पास झाल्यावर राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी करून घ्या, चालढकल नको.

नोकऱ्या कुठे आहेत

मागणी वाढतेच आहे, आणि त्यामागचं कारण आनंदाचं नाही. डायबिटीस आणि ब्लड प्रेशर यांनी किडन्या जाणारे लोक वाढताहेत. २०१६ साली पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला तेव्हा सरकारनेच मांडलेला अंदाज असा होता की देशात दरवर्षी सुमारे २.२ लाख नवे पेशंट वाढतात आणि त्यांच्यासाठी ३.४ कोटी जादा डायलिसिस लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसतं, त्यामुळे पूर्वी पैशांअभावी मध्येच थांबणारे पेशंट आता येत राहतात.

नवीन मुलांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असलेला माणूस बदलापूरहून दादरला लोकलने फार काळ येऊ शकत नाही. सेशननंतर त्याला उभं राहवत नाही. म्हणून युनिट पेशंटच्या दारी गेली. मीरा रोड, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली, पनवेल या पट्ट्यात आठ-दहा मशीनची सेंटर आहेत. काही ट्रस्टची, काही नेफ्रोलॉजिस्टनी (किडनीच्या डॉक्टरांनी) स्वतः काढलेली, काही नेफ्रोप्लससारख्या साखळ्यांची. दक्षिण मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलसाठी सगळे रांग लावतात आणि घराजवळची ही सेंटर्स नजरेतून सुटतात. प्रवासाचे रोजचे तीन तास वाचणं हेही पगारातच मोजा.

बाकी जागा पालिका आणि सरकारी रुग्णालयांत, मोठ्या खासगी रुग्णालयांत आणि धर्मादाय सेंटरमध्ये असतात. पालिकेत किंवा सरकारीत बऱ्याचदा आधी कंत्राटी जाहिरात निघते. तिथे "मानधन" असं लिहिलेलं असेल तर तो ठोक आकडा समजायचा, महागाई भत्ता वगैरे त्यात येत नाही. कायम पदाच्या जाहिरातीत पे लेव्हल दिलेली असते. केंद्राच्या सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात लेव्हल ४ ची सुरुवात २५,५०० रुपये मूळ वेतनावर, लेव्हल ५ ची २९,२०० वर आणि लेव्हल ६ ची ३५,४०० वर होते, आणि त्यावर महागाई भत्ता व घरभाडे भत्ता वेगळा. राज्याच्या जाहिरातीत लेव्हलच्या जागी 'एस' आणि पुढे आकडा असतो, त्याचा तक्ता वेगळा आहे. एक कायम पद आणि शेकडो अर्ज अशी स्थिती असते, म्हणून खासगीत काम करत करत या परीक्षा द्या. जागा निघेल या आशेवर घरी बसून राहिलात तर हात विसरतो.

पगार: आकडा आणि हातात येणारे पैसे

मुंबईत खासगी युनिटमध्ये नवख्याला मिळणारी ऑफर मला साधारण १५ ते २२ हजारांच्या आसपास दिसते. सुया, आयसीयूतलं डायलिसिस आणि आरओ हे तिन्ही एकट्याने सांभाळणारा चार-पाच वर्षांचा टेक्निशियन २५ ते ३५ हजारांत बसतो. युनिट इनचार्ज त्याच्या पुढे जातो. हे ढोबळ आकडे आहेत, जागेप्रमाणे खूप बदलतात. ऑफर आली की त्याच भागातल्या दोन सीनियरना विचारून ताडून बघा.

आता ऑफर लेटर वाचायला शिका. समजा ग्रॉस २०,००० आहे आणि त्यात बेसिक व डीए मिळून १२,०००. पीएफचे १२ टक्के म्हणजे १,४४० कापले जातील. ग्रॉस २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू होतं, त्याचे ०.७५ टक्के म्हणजे १५०. प्रोफेशनल टॅक्स पुरुषांना महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा टॅक्स माफ आहे. म्हणजे मुलाच्या हातात १८,२१० आणि मुलीच्या हातात १८,४१०. याच नोकरीची सीटीसी (मालकाला तुमच्यावर पडणारा एकूण खर्च) मात्र साडेबावीस हजारांच्या पुढे सांगितली जाते, कारण मालकाचा पीएफ १,४४०, मालकाचं ईएसआय ६५० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद हे सगळं त्यात मिळवलेलं असतं. मुलाखतीत "सीटीसी किती" यापेक्षा "हातात किती येतील" हे सरळ विचारा. यात कमीपणा काही नाही.

पीएफ आणि ईएसआय कापतात म्हणून नाराज होऊ नका. या दोन कपाती दिसल्या की समजायचं, नोकरी कागदावर आहे. "तुला पूर्ण वीस हजार कॅशमध्ये देतो, कपात काही नाही" हे ऐकायला गोड लागतं. पण उद्या सुई टोचून काही झालं किंवा बाळंतपणाची रजा लागली तर मागे उभं राहायला कोणी नसतं. शिवाय दोन वर्षांनी परदेशासाठी अनुभवाचा पुरावा मागतात तेव्हा बँकेत जमा झालेला पगार आणि पीएफची नोंदच कामाला येते.

याखेरीज चार गोष्टी लेखी मागा: रविवारच्या आणि रात्रीच्या इमर्जन्सी कॉलचे वेगळे किती, डबल शिफ्टचे किती, आठवड्याची सुट्टी पक्की आहे का, आणि बॉण्ड आहे का. कॉलचे पैसे नीट मिळाले तर महिन्याला तीन-चार हजारांचा फरक सहज पडतो. मूळ मार्कशीट आणि डिग्री जमा करून घेणारी ठिकाणं आहेत. झेरॉक्स द्या, मूळ कागद पडताळून लगेच परत घ्या.

पहिलं युनिट कसं निवडायचं

माझा आग्रह इथे आहे. दोन ऑफर असतील, एक १८ हजारांची आणि दुसरी २१ हजारांची, तर जास्तीच्या आकड्यावर लगेच सही करू नका. दोन्ही युनिट शिफ्ट चालू असताना जाऊन बघा.

एका टेक्निशियनकडे एका वेळी किती मशीन? तीनपर्यंत ठीक आहे. पाच-सहा असतील तर तिथे शिकायला वेळच मिळणार नाही, नुसती धावपळ होईल, आणि एका पेशंटचं बीपी पडलं की दुसऱ्याच्या अलार्मकडे बघायला माणूस नसेल. हिपॅटायटिस बीच्या पेशंटसाठी वेगळं मशीन आहे का? आरओची वही रोज भरलेली आहे, की महिन्याच्या शेवटी एकाच पेनाने एका बैठकीत? वहीचं पान बघितलं की हे कळतं. नेफ्रोलॉजिस्ट राउंडला किती वेळा येतात? नवीन मुलाला सुया कधीपासून लावू देतात आणि शेजारी कोण उभं असतं?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आयसीयूतल्या केसेस मिळतात का? आयसीयूतल्या अत्यवस्थ पेशंटला सावकाश चालणारं डायलिसिस द्यावं लागतं. काही ठिकाणी ते सहा-आठ तास चालतं, त्याला स्लेड म्हणतात, आणि चोवीस तास चालणारं सीआरआरटी असतं. सीआरआरटीचं मशीन स्वतः लावून चालवता येणारा टेक्निशियन मोठ्या हॉस्पिटलना हवा असतो. फक्त ओपीडीचे स्थिर पेशंट करून पाच वर्षं झालेला आणि सीआरआरटीसह तीन वर्षं झालेला, या दोघांत दुसऱ्याला जास्त पैसे मिळतात हे मी अनेकदा पाहिलंय. महिन्याला तीन हजार कमी देणारं पण आयसीयू देणारं युनिट घ्या, ते पैसे पुढे वसूल होतात. घरची तातडीची गरज असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा जास्त पगाराचं घ्या आणि वर्षभरात पुन्हा शोधा.

पुढच्या वाटा

पाच वर्षांनी तुम्ही इनचार्ज होऊ शकता. तिथे रोस्टर, सामानाचा हिशेब, पाण्याचे रिपोर्ट आणि नातेवाइकांच्या तक्रारी हे सगळं गळ्यात येतं. मशीन बनवणाऱ्या कंपन्या, म्हणजे फ्रेसेनियस, निप्रो, बी. ब्राउन यांच्यासारख्या, हॉस्पिटलच्या स्टाफला मशीन शिकवण्यासाठी ॲप्लिकेशन स्पेशालिस्ट घेतात. तिथे इंग्रजीत समजावून सांगता यावं लागतं आणि फिरती असते. बोलायची आवड असलेल्या मुलांनी हे डोक्यात ठेवावं. ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर ही आणखी एक वाट. अवयवदानाच्या कामाचं पश्चिम भारतातलं विभागीय केंद्र, रोट्टो-सोट्टो, परळच्या केईएममध्येच आहे. डायलिसिसवरच्या कुटुंबांशी रोज बोलणाऱ्याला या कामाची अर्धी तयारी आधीच झालेली असते. पण त्यासाठी पदवी हवी, म्हणून सांगते, डिप्लोमावर थांबू नका.

आखाती देशांबद्दल थोडक्यात. सौदी किंवा दुबईला जायचं तर डिग्री, रजिस्ट्रेशन, अनुभवाचं पत्र या सगळ्यांची मूळ संस्थेकडून पडताळणी होते आणि तिथल्या आरोग्य खात्याची परीक्षा द्यावी लागते. अनुभवाच्या पत्रावर तारखा, पदाचं नाव आणि हॉस्पिटलचा शिक्का नीट हवा. नोकरी सोडतानाच ते पत्र घ्या, दोन वर्षांनी मागायला गेलात तर इनचार्ज बदललेला असतो. एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत आहे का, हे पैसे द्यायच्या आधी तपासा.

लस

ॲडमिशन मिळाल्याच्या आठवड्यातच हिपॅटायटिस बीच्या लशीचा पहिला डोस घ्या. दुसरा महिन्याने आणि तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी असतो, म्हणजे उशिरा सुरू केलंत तर प्रॅक्टिकल सुरू होऊनही अंगात संरक्षण नसतं. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे लशीने रक्तात तयार झालेलं संरक्षण किती, ते तपासा. आकडा १० च्या वर हवा, नसेल तर डॉक्टरांना दाखवून पुन्हा डोस घ्यावे लागतात. हा रिपोर्ट आणि लशीचं कार्ड मार्कशीटच्याच फाइलमध्ये लावून ठेवा. चांगल्या युनिटमध्ये जॉइनिंगच्या दिवशी ते मागतात.